दार आपणच उघडायचे : भयखेळ, भयकथा आणि भ्यालेले मन

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढले. त्या वेळी श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या घरी माजघरात आम्ही चौघे बसून होतो : मी, माझी आई, बहीण आणि तिचा चौदा वर्षांचा मुलगा. शिमग्यासाठी मुंबईहून आलेली ही मायलेकरे आधी शाळा बंद झाल्या म्हणून आणि पाठोपाठ टाळेबंदी आली म्हणून इथेच राहिली होती. आधी पडवीची कौले गेली, मग मागचे पत्रे. नंतर वाडीतून पोफळी मोडल्याचे आवाज येऊ लागले. एकेक झाड मोडताना कडाड असा आवाज होई आणि भाचा प्रत्येक आवाजाला आईच्या दंडाला घट्ट धरी. संध्याकाळी वारा पडल्यावर बाहेर येऊन पाहिले तर आजोबांच्या हातची वाडी आडवी झाली होती. ज्या रोठा सुपारीसाठी श्रीवर्धनचे नाव आहे, ती देणारी झाडे एका दुपारी गेली. वीज यायला महिना उलटला.

वादळ गेले, पण मुलाच्या अंगातून गेले नाही. पावसाळ्यातल्या रात्री वारा सुटला की तो अंथरुणात उठून भिंतीला टेकून बसे. घराच्या मागच्या दाराकडे तो दिवसाही एकटा जाईनासा झाला. अशात वीज आली आणि एके रात्री मी पाहिले, तर हा मुलगा कानाला हेडफोन लावून जुन्या लॅपटॉपवर भुताटकीचा एक खेळ खेळत होता. पडद्यावर अंधारा वाडा, हातात कंदील, आणि याचा चेहरा पांढरा पडलेला. मी लॅपटॉप मिटवला आणि म्हणालो, ‘‘आधीच घाबरतोस, त्यात हे कशाला?’’ तो म्हणाला, ‘‘मामा, तुझ्या वह्यांत पण भुतंच आहेत ना?’’

त्याचे म्हणणे खरे होते. मी पोटासाठी हिशेब लिहितो. मानसशास्त्राची किंवा साहित्याची पदवी माझ्याकडे नाही. मात्र गेली बावीस वर्षे रेवदंड्यापासून हरिहरेश्वरापर्यंतच्या गावांतून भुतांच्या गोष्टी उतरवून घेण्याचा नाद मला आहे. अशा सतरा वह्या भरल्या आहेत. गोष्ट ऐकताना माणूस का घाबरतो, याच्या नोंदी मी केल्या होत्या. घाबरून झाल्यावर त्याचे काय होते, हे मात्र मी कधी विचारले नव्हते. भाच्याच्या त्या एका वाक्याने तो प्रश्न माझ्यापुढे आला. गेली काही वर्षे या विषयावर जे मिळेल ते मी वाचले, आणि वयाच्या पन्नाशीत, भाच्याकडून शिकून, तो खेळही खेळलो. त्यातून जे हाती आले ते या लेखात मांडतो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे. भय मनाला बळ देते, हे विधान अर्धवट आहे. भयात असताना माणसाला काही करावे लागते, ते करणे अवघड असते आणि तरी जमते, तेव्हा मन सावरते. अवघड भयखेळाचे मोल या ‘करण्यात’ आहे. म्हणून अशा खेळाची समीक्षा करताना ‘किती घाबरवतो’ यापेक्षा ‘घाबरलेल्या माणसाला काय करायला लावतो’ हा प्रश्न आधी विचारायला हवा.

भयानक रसाची जुनी चर्चा

भय हवेसे का वाटते, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा स्वतंत्र रस आहे. त्याच्या विभावांची यादी पाहिली तर आजच्या भयखेळाचा आराखडाच वाटतो : ओसाड घर, अरण्य, विकृत आवाज, कोल्ह्या-घुबडांचे ओरडणे. भरताने भयाचे तीन प्रकारही सांगितले आहेत. एक सोंगाचे, दुसरे अपराधातून येणारे, तिसरे प्रत्यक्ष धाक घातल्याने उपजणारे. या तीन प्रकारांकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

अभिनवगुप्ताने भयानक रस समजावताना शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरणाचे उदाहरण घेतले. हरणाचे भय प्रेक्षकाला कळते, भिडते. पण बाण त्याच्यावर रोखलेला नसतो. ते भय त्या हरणाचे उरत नाही आणि प्रेक्षकाचेही होत नाही, दोघांत समाईक होते. आपल्या काळात न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोद्याच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून ‘सविकल्प समाधी’ची कल्पना मांडली. वाचक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःला विसरत नाही. एकाच वेळी तो तिथेही असतो आणि इथेही. वाङ्मयाचा आनंद या दुहेरी असण्यात आहे, असा त्यांचा रोख होता.

भयखेळाइतके या कल्पनेचे उघड उदाहरण दुसरे सापडणे कठीण. खेळणाऱ्याचे काळीज धडधडत असते आणि त्याच वेळी त्याच्या खुर्चीखाली शेणाने सारवलेली जमीन असते, शेजारी आजी जप करीत असते. पण एक फरक आहे, आणि तो महत्त्वाचा आहे. हरिणाला वाचवणे प्रेक्षकाच्या हातात नसते. भयकथेचा वाचक पान उलटतो तेवढेच. नारायण धारपांच्या कादंबरीतला माणूस त्या खोलीत जाणार की नाही, हे धारप ठरवतात. खेळात मात्र पात्राचे पाय आपल्या बोटांत असतात. आपण गेलो नाही, तर गोष्ट पुढे सरकतच नाही.

ऐकणे आणि करणे यांच्यामध्ये आणखी एक पायरी आपल्याला ओळखीची आहे. रत्नाकर मतकरींच्या ‘अलबत्या गलबत्या’मधली चेटकीण आधी दिलीप प्रभावळकरांनी गाजवली, २०१८ मध्ये वैभव मांगले यांनी. ती रंगमंचावर आली की पोरे आईला बिलगतात, आणि थोड्याच वेळात ओरडून पात्रांना सावध करू लागतात. भ्यालेले मूल ओरडू लागले की ते निव्वळ भ्यालेले राहत नाही. बाणकोटच्या खाडीपलीकडे रत्नागिरीच्या शिमग्यात काळ्या वेषातला संकासूर पोरांच्या मागे धावतो तेव्हाही हेच घडते. पोरे पळतात, आणि पळून झाल्यावर त्याला खिजवायला पुन्हा जवळ जातात. अंतर किती ठेवायचे हे पोरे ठरवतात.

एका खेळाचे वाचन

भाचा खेळत होता तो खेळ म्हणजे ‘अ‍ॅम्नेशिया : द डार्क डिसेंट’. स्वीडनच्या फ्रिक्शनल गेम्स या छोट्या संस्थेने तो २०१० मध्ये काढला. गोष्ट १८३९ सालच्या प्रशियातली. डॅनियल नावाचा तरुण ब्रेननबर्गच्या किल्ल्यात शुद्धीवर येतो. आपण कोण, इथे का, त्याला काही आठवत नाही. एक पत्र सापडते. ते त्याचेच आहे : विस्मरणाचे औषध आपण होऊन प्यालो आहोत, आता किल्ल्याच्या तळाशी जा.

या खेळात डॅनियलच्या हाती शस्त्र नाही. तलवार नाही, बंदूक नाही. आहे तो कंदील आणि काड्यापेट्या, आणि तेल मोजके. अंधारात फार वेळ राहिले की त्याचे मनःस्थैर्य ढळते : पडदा हलतो, श्वास जड होतो, नसलेले आवाज येतात. राक्षसाकडे टक लावून पाहिले तरी तसेच होते. उजेडात उभे राहावे तर राक्षसाला आपण दिसतो. म्हणजे अंधार मनाला खातो आणि उजेड जिवाला. कंदील कधी लावायचा आणि कधी मालवायचा, एवढाच शहाणपणा जवळ. आमच्या आजीच्या पिढीला हा हिशेब पडद्याशिवाय ठाऊक होता. घासलेट शिध्यावर मिळायचे आणि गोठा घरापासून लांब असायचा.

या खेळाचे दोन नियम मला समीक्षकाच्या दृष्टीने फार मोलाचे वाटतात. पहिला नियम मनःस्थैर्याचा. ढळलेले मन सावरते कशाने? एखादे कोडे सुटले, अडलेले यंत्र चालू झाले, वाट पुढे मोकळी झाली, की डॅनियलचे मन ताळ्यावर येते. मन शांत झाले की काम करू, असे आपण एरवी म्हणतो. हा खेळ उलट सांगतो. काम कर, मग मन शांत होईल.

दुसरा नियम दाराचा. इतर खेळांत एक कळ दाबली की दार सताड उघडते. इथे माउसचे बटण धरून दार हाताने ओढावे किंवा लोटावे लागते. बोटभर फट करता येते, आत डोकावता येते, धडकन बंद करता येते. यामुळे भयाची मात्रा खेळणाऱ्याच्या हातात राहते. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा एका दाराशी दहा मिनिटे उभा होतो. आत काहीच नव्हते. पण ते दार मी उघडले होते, आणि त्या रात्री मला याचे समाधान वाटले, हे कबूल करतो.

आता भरताच्या तीन भयांकडे येऊ. सोंगाचे भय हे तर कुठल्याही खेळाचे मूळच. धाकाचे भय राक्षसांचे. पण किल्ल्यात जसजसे खाली जावे तसतसे डॅनियलच्या दैनंदिनीची पाने सापडतात आणि कळते की त्याच्या हातून निरपराध माणसांचा छळ झाला आहे. तो विसरला तो या अपराधाला. इथे तिसरे भय वर येते. खेळाची रचना या तिन्ही भयांना एकाखाली एक ठेवते, आणि विसरणे हा उपाय नव्हे, खाली उतरावे लागेल, असे सांगते. रंजनासाठी केलेल्या खेळात हे आहे. ‘भुताखेताचे’ म्हणून मी तो मिटवला, ती माझी घाई होती.

भाचा जिथे अडला होता, ती जागा तळघरातली. तिथे पाणी भरलेले आहे आणि पाण्यात काहीतरी आहे. ते दिसत नाही. नुसती पावले पाण्यात पडल्यासारखे शिंतोडे उडताना दिसतात, आणि ते आपल्याकडे येतात. पाण्यात पाय ठेवायचा नाही. तरंगत्या-बुडत्या खोक्यांवरून उड्या मारत जायचे. पाण्यात मांसाचा तुकडा फेकला तर ते त्याकडे वळते, तेवढ्यात आपण पुढच्या खोक्यावर. माझ्या वह्यांत हेच भूत गिऱ्हा या नावाने आहे. बुडून मेलेल्याचे, पाण्याशी बांधलेले. भाचा तिथे आठवडाभर अडला. रोज दोन-तीनदा प्रयत्न करी, पकडला जाई, हेडफोन काढून ओटीवर एक चक्कर मारी, पुन्हा बसे. लॅपटॉप मी परत दिला होता तो एका अटीवर : रात्री साडेनऊनंतर खेळायचे नाही आणि मी शेजारी बसणार. आठव्या दिवशी तो पार झाला. ओरडला नाही. पाठ टेकून म्हणाला, ‘‘ते खोक्यावर येत नाही, मामा. नियम कळला की जमतं.’’

अभ्यास काय सांगतात

एका मुलाच्या अनुभवावरून सिद्धांत काढू नये. म्हणून आता अभ्यासांकडे वळू.

भयावरच्या उपचाराचे एक जुने उदाहरण १९२४ चे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन संशोधिकेने पीटर नावाच्या बालकाच्या सशाच्या भीतीवर काम केले. पीटर आवडीचे खात असताना ससा लांब ठेवायचा, आणि हळूहळू जवळ आणायचा. शेवटी पीटर सशाला हात लावू लागला. पुढे वर्तनोपचारात हे तत्त्व रुजले : टाळल्याने भय वाढते, सुरक्षित स्थितीत, झेपेल अशा मात्रेत सामोरे गेल्याने ओसरते.

मजेसाठी घेतलेल्या भयाचा पद्धतशीर अभ्यास अलीकडचा आहे. डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठात मथियास क्लासेन, मार्क माल्मडॉर्फ अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या एका भयगृहातून, म्हणजे तिकीट काढून घाबरायला जायच्या जागेतून, ११० जणांना हृदयाचे ठोके मोजणारे यंत्र लावून सोडले. भय आणि आनंद यांचा आलेख उलट्या वाटीसारखा आला. फार कमी भयात मजा नाही, फार जास्तीतही नाही, मजा मधे. आपल्या भाषेत, मात्रा हवी.

दुसरा अभ्यास कोल्टन स्क्रिव्हनर आणि सहकाऱ्यांचा, २०२१ चा. करोनाच्या पहिल्या महिन्यांत ३१० जणांना प्रश्न विचारले. भयपटांची आवड असणाऱ्यांत त्या काळातला मानसिक त्रास तुलनेने कमी आढळला. हा निष्कर्ष वर्तमानपत्रांतून खूप फिरला. मात्र तो जपून वाचायला हवा. भयपट पाहिल्याने माणूस टणक झाला, की मुळात टणक माणसालाच भयपट आवडतो, हे अशा पाहणीतून ठरत नाही.

आपल्या विषयाला सर्वांत जवळचा प्रयोग नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठातला आहे. इझाबेला ग्रॅनिक यांच्या गटाने चिंताग्रस्त मुलांसाठी ‘माइंडलाइट’ हा खेळ वापरला. एक मुलगा आजीच्या अंधारलेल्या, पछाडलेल्या वाड्यात जातो. खेळणाऱ्या मुलाच्या डोक्याला मेंदूतल्या लहरी टिपणारी पट्टी असते. मूल स्वतःला शांत करील तसा खेळातला उजेड वाढतो, आणि उजेडात भीतिदायक आकृती निरुपद्रवी ठरते. वाचताना मला चकव्याची आठवण झाली. चकवा लागला की माणूस रात्रभर त्याच माळावर फिरतो. माझ्या वह्यांतल्या बहुतेक म्हाताऱ्यांनी त्यावर एकच उपाय सांगितला आहे : पळू नको, खाली बस, उजाडेल.

निकाल दोन आहेत. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १७४ मुलांच्या अभ्यासात हा खेळ चिंतेवरच्या प्रस्थापित विचार-वर्तन उपचारापेक्षा कमी पडला नाही. पण त्याआधी, २०१६ मध्ये १३६ मुलांवरच्या अभ्यासात ‘माइंडलाइट’ची तुलना एका साध्या, भुते नसलेल्या कोड्यांच्या खेळाशी केली होती. दोन्ही गटांतल्या मुलांची चिंता सारखीच कमी झाली. भयखेळांचे समर्थक हा दुसरा निकाल सहसा सांगत नाहीत. मला तो जास्त बोलका वाटतो. मुलांची अपेक्षा, वेळ गेल्याने पडणारा फरक, आणि कोडे सोडवण्याची चिकाटी, यांपैकी काहीही त्यामागे असू शकेल. पण भूत हेच औषध, असे म्हणायला जागा उरत नाही.

सगळे भयखेळ सारखे नाहीत

म्हणून निवड करावी लागते. ‘फाइव्ह नाइट्स अ‍ॅट फ्रेडीज’ हा २०१४ चा अतिशय लोकप्रिय खेळ घ्या. खेळणारा रात्रपाळीचा रखवालदार. खुर्चीत बसून कॅमेऱ्यांतून पाहत राहायचे, विजेवर चालणारी दारे लावायची-उघडायची, वीज मोजकी, सकाळी सहापर्यंत तग धरायची. चूक झाली की यांत्रिक बाहुली किंचाळत अंगावर येते. खेळ कल्पक आहे, अवघडही आहे. पण तो माणसाला काय करायला लावतो? सतत पाळत. कॅमेरा पाहा, दार तपासा, पुन्हा कॅमेरा. चिंतेने ग्रासलेला माणूस हेच तर दिवसभर करत असतो. कडी लावली का हे तीनदा पाहतो. वारा वाढला का म्हणून मोबाइल उघडतो. ज्याला जाण्याचा सराव हवा, त्याला हा खेळ बसून राहण्याचा सराव देतो. हा माझा वाचनाचा निष्कर्ष आहे, प्रयोगाचा नव्हे. पण समीक्षेने एवढे तारतम्य दाखवायला हरकत नसावी.

‘हेलब्लेड : सेनुआज सॅक्रिफाइस’ (२०१७) हे वेगळ्या जातीचे उदाहरण. मानसिक आजाराने ग्रासलेल्या योद्ध्या स्त्रीची ही गोष्ट रचताना ब्रिटनच्या निंजा थिअरी या संस्थेने केंब्रिजचे मनोविकारतज्ज्ञ पॉल फ्लेचर यांना आणि हा आजार अनुभवलेल्या माणसांना बरोबर घेतले. सेनुआला ऐकू येणारे आवाज हेडफोनमधून आपल्याच कानाभोवती कुजबुजतात. खेळ सुरुवातीला धमकी देतो : तू हरलीस की हातावरची काळी कीड वर चढेल, डोक्यापर्यंत पोहोचली की सारे पुसले जाईल. खेळणाऱ्यांनी नंतर शोधून काढले की खेळ काहीच पुसत नाही. धमकी पोकळ होती. पण ती खरी मानून खेळलेले तास खरे होते. भीती ‘सगळे संपेल’ असे सांगते तेव्हा तिचे प्रत्येक वाक्य खरे असतेच असे नाही, हे व्याख्यानातून पटणे अवघड. इथे ते अंगावर येऊन पटते.

आणि धोका? तो आपल्या जुन्या गोष्टीत लिहून ठेवला आहे. अमावास्येच्या रात्री स्मशानात खुंटी ठोकून यायची पैज एकजण घेतो. अंधारात खुंटी स्वतःच्याच धोतरावर ठोकतो, उठताना कुणी ओढले असे वाटून जागीच मरतो. ही गोष्ट माझ्या वह्यांत निरनिराळ्या गावांच्या नावाने सहा वेळा आहे. मी ती पूर्वी ‘भूत मनात असते’ या बोधासाठी वाचत असे. आता तिच्यात मला तीन चुका दिसतात. तो एकटा गेला. पैजेच्या दडपणाखाली गेला. आणि मधेच परत फिरायची वाट त्याने ठेवली नव्हती. सोबत, स्वेच्छा आणि थांबण्याची मोकळीक, यांतले काही नसेल तर तोच खेळ पैज होतो.

ज्या मुलाचे जेवण, झोप, शाळा सुटली आहे, त्याच्या हाती भयखेळ देणे म्हणजे उपचार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत खेळाच्या आहारी जाण्याला विकार म्हणून स्थान आहे, हेही विसरू नये. अशा वेळी डॉक्टर गाठावा. सरकारच्या ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनीसेवा मराठीतही बोलते.

भुतांचे नियम

मराठी समीक्षेने भयकथेला रंजनाच्या कप्प्यात ठेवले आणि तिथेच सोडले. मे २०२० मध्ये, वादळाच्या पंधरवडाभर आधी, मतकरी गेले. त्यांच्या गूढकथांनी दोन पिढ्यांच्या झोपा उडवल्या हे सगळ्यांनी लिहिले. त्या झोपा पुन्हा कशा लागल्या हे कुणी विचारले नाही. मीही नाही.

आता वह्या उलगडताना लक्षात येते की कोकणातल्या भुतांना नियम आहेत. मुंजा पिंपळ सोडत नाही. गिऱ्हा पाण्याबाहेर दुबळा, आणि त्याचा केस हाती लागला तर तो आपला चाकर. चकव्याला उजेडापुढे इलाज नाही. नियम आहेत म्हणून या भुतांशी वागता येते. आणि आणखी एक गोष्ट, जी मी बावीस वर्षे फक्त समासात लिहीत आलो होतो : गोष्ट संपली की सांगणारा आजोबा एखाद्या पोराला काम सांगे. जा, गोठ्याची आगळ घातली का बघ. जा, विहिरीवरची घागर घेऊन ये. बाकीचे ओटीवरून पाहत असत, कंदील उंच धरलेला असे. तो गोष्टीचाच शेवटचा भाग होता. गोष्ट छापली गेली तेव्हा तेवढा भाग गळला. अवघड भयखेळाने तो परत आणला, असे मी मानतो.

१६ मे २०२१ च्या रात्री तौक्ते वादळ आमच्या समोरच्या समुद्रातून वर सरकत होते. दुसऱ्या टाळेबंदीत बहीण-भाचा पुन्हा आमच्याकडे होते. वीज गेली. पडवीचा नवा पत्रा मागच्या बाजूला आपटू लागला. मी बॅटरी शोधत होतो तेवढ्यात भाचा उठला. ‘‘मामा, तू थांब. मी बघतो.’’ बहिणीने त्याला अडवायला हात पुढे केला आणि मागे घेतला. त्याच्या हातातली बॅटरी थरथरत होती, भिंतीवरचा उजेडही. मागच्या दाराशी तो थांबला. आधी बोटभर फट केली, बाहेर उजेड टाकला, मग दार उघडले. दोर बांधून परत यायला त्याला पाच मिनिटे लागली असतील.

यात खेळाचा वाटा किती, वर्षभराच्या काळाचा किती, आणि शेजारी झोपणाऱ्या आजीचा किती, हे मला वेगळे करता येत नाही. तो मात्र अजून वाऱ्याला भितो. मीही भितो. त्या रात्री आत आल्यावर त्याने कडी लावली, एकदाच, आणि झोपला.